पेवातली काळी

अकोटात एखाद्याचं काम लांबलं, मग ती सोयरीक असो की कोर्टाची तारीख, की चहाच्या टपरीवर कोणीतरी म्हणायचंच, "सत्तार मिस्त्रीची फरशी हाये काय बाप्पा? वाळली का नाई अजून?" हे सत्तार मिस्त्रीच्या कानावर येत नव्हतं असं नाही. एकदा तर तो बाजूच्या बाकावरच बसलेला होता. रागावला नाही. कपातला उरलेला चहा त्यानं बशीत ओतला आणि म्हणाला, "वाळली असती तं सांगितलं असतं."

अब्दुल सत्तारचं वय तेव्हा पन्नाशीला टेकलेलं. अंगानं काडी, पण उकिडवं बसून बसून गुडघे घट्ट झालेले. टोपीखाली कानावर पेन्सिल. जुन्या ओलसर जमिनीवर नवी टाइल बसवायची तर अख्ख्या तालुक्यात त्याच्यासारखा माणूस नव्हता, आणि त्याच्याइतकं डोकं खाणाराही नव्हता. दुसरे मिस्त्री सोमवारी यायचे आणि बुधवारी टाइल बसवून मोकळे व्हायचे. पुढच्या पावसाळ्यात त्या टाइलवर पाय ठेवला की ढबढब वाजायचं, ती गोष्ट वेगळी. सत्तार मात्र कोबा टाकून झाला की घरातल्या बाईकडून एक परात आणि मूठभर भिजवलेली कणीक मागायचा. परात जमिनीवर पालथी घालायची, कडेनं कणीक लावून हवा बंद करायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उचलून बघायची. आत घामासारखे थेंब दिसले की टाइलचं नाव काढायचं नाही. चार दिवसांनी पुन्हा परात. लोक वैतागायचे. एका सावकारीणबाईची परात पंधरा दिवस अडकून पडली होती, तिनं शेवटी नवी विकत आणली.

"फरशी खोटं बोलते," सत्तार म्हणायचा, "घरमालक खोटं बोलते, मी बी एखाद्या वक्ती बोलीन. परात नाई बोलत."

ते दोन हजार सातचं साल. वऱ्हाडात त्या वर्षांत विटेवर वीट ठेवायची हिंमत कोणी करत नव्हतं. गावोगाव सरकारच्या पांढऱ्या जीपगाड्या फिरायच्या, कोणत्या शेतकऱ्याच्या घरी काय घडलं ते लिहून न्यायच्या, आणि गाडी गेली की गाव पुन्हा गप्प व्हायचं. अकोटचे निम्मे मिस्त्री सुरतेला नाहीतर पुण्याला गेले. सत्तार गेला नाही. विचारलं तर म्हणायचा, "तिथं मले परात कोन देईन?" खरं कारण त्याची बायको कुलसुमबी होती. तिला अकोटची हवा सोडून कुठली मानवत नव्हती आणि त्याला कुलसुमबी सोडून कोणी.

होळी झाली आणि खारखेडच्या खुशालरावांचा फोन आला. खारखेड म्हणजे अकोटहून एसटीनं अर्ध्या तासावर, पूर्णा नदीच्या अंगाला, खारपाणपट्ट्यात. तिथलं विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही आणि भिंतींना पांढरा खार फुटतो. खुशालराव तिथले बरे शेतकरी, बोलायला मोकळे, थट्टेखोर. त्यांचा मुलगा अंकुर पुण्यात नोकरीला. दिवाळीत येऊन त्यानं अकोल्याहून टाइलचे खोके आणून पडवीत रचून ठेवले होते. आता घाई झाली ती मुलीमुळे. पौर्णिमा पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती, अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. बाळंतीण राहणार माजघरात, आणि माजघराची जमीन तर बारा महिने ओली.

सत्तारनं घर नुसतं ऐकूनच ओळखलं. "खुशालरावच्या बापाचं, नत्थुजी पाटलाचं ना? तिथली शहाबादी म्याच बसवली हाये," तो मैनाबाईला म्हणाला. "माह्या हातचं पयलं काम थे. पोळ्याच्या वक्ती. माहा निकाह नव्हता झाला तवा."

मैनाबाई त्याच्यासोबत वीस वर्षं मिस्त्रीकाम करत होती. माल कालवायची, घमेली वाहायची आणि सत्तारला कोणी नावं ठेवली तर तोंड वाजवायची. तिचा नियम असा की सत्तार मिस्त्रीला नावं ठेवायचा हक्क फक्त तिचा. "मंग थे फरशी अजून वाळाचीच असन," ती म्हणाली.

माजघरात शिरल्या शिरल्या सत्तारनं चप्पल काढली आणि तळव्यानं जमीन अजमावली. कडेच्या फरश्या कोरड्या, मधल्या गार आणि चिकट. सांध्यांतून पांढरा खार फुललेला. पण एकही फरशी हललेली नव्हती. पेन्सिलीनं त्यानं चार ठिकाणी ठोकून पाहिलं आणि त्याची छाती जराशी फुगली. अठ्ठावीस वर्षं होत आली, वीस वर्षांच्या पोराच्या हातचं काम, आणि दगड अजून जागच्या जागी.

रुख्मिणीवहिनी पाणी घेऊन आल्या. बाई ठेंगणी, हसऱ्या चेहऱ्याची, पण पाणी आणायची रीत अशी की सत्तार बघतच राहिला. उजव्या हातात तांब्या, आणि डावा तळवा तांब्याच्या बुडाखाली पसरलेला, चुकून थेंब पडला तर झेलायला. खांद्यावर एक फडकं. सत्तार पाणी प्याला, तांब्या परत दिला, तशी त्यांनी वाकून तो बसला होता त्याच्या पुढची जमीन पुसली. तिथं एक थेंब सांडला नव्हता.

"पाह्यलं का मिस्त्री?" खुशालराव हसत म्हणाले. "आमच्या घरात पूर्णामाय वायते. हिचं पानीच आवरत नाई. आमच्या मायनं नावच पाडलं होतं, पूर्णामाय. हे लग्न होऊन आली अन् सालभरात माजघर ओलं झालं."

हसण्यात हसणं म्हणून सत्तारही बोलून गेला, "वैनी, टाइल बसली का मंग पानी जरा धाकात ठेवजा."

रुख्मिणीवहिनीही हसल्या. पुसलेल्या जागेवरून त्यांनी फडकं पुन्हा एकदा फिरवलं.

गोष्ट जुनी होती. नव्या सुनेकडे घरातलं पाणी भरायचं काम आलं. हंडे ठेवायची लाकडी घडवंची तेव्हा माजघरातच, भिंतीशी. सालभरात जमीन ओलावली तेव्हा सासू म्हणाली, ही पोर हेंदकाळते, हिच्या हातचं पाणी मुरलं. मग तिच्या येण्याजाण्यावर डोळा. पुढं घडवंची मागच्या पडवीत नेली. जमीन ओलीच. तेव्हा म्हणे, पहिलं मुरलेलं बाहेर येतंय. पौर्णिमा जन्मली आणि पहिल्याच पावसाळ्यात तिच्या छातीत घरघर सुरू झाली. दोन वर्षं लेकरू खोकलं. सासू दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, मायच्या हातचं पाणी लेकराच्या छातीत गेलं. घडवंची हलवून वीस-बावीस वर्षं झाली तरी फरशी ओली कशी, हा साधा प्रश्न त्या घरात एकाही शहाण्याला पडला नाही. पडणार कसा? दोष एकदा सुनेच्या नावावर लागला की घरातले सगळे निर्धास्त झोपतात. सासू जाऊन पाच वर्षं झाली होती, ते नाव मात्र खुशालरावांनी थट्टेत जपून ठेवलेलं. मनात वाईट काही नव्हतं हो त्यांच्या. म्हणून तर ते इतकी वर्षं टिकलं.

दुसऱ्या दिवशी सत्तारनं सब्बल घातली. शहाबादी एकेक करून सुटली, तशी त्यानं ती अंगणात नीट लावून ठेवली. खालची रेती काढली. मग कुदळीनं एक वीत खोदलं आणि तो थांबला.

वऱ्हाडात लहान पोरालाही दोन माती कळतात. गाव वसतं ती पांढरी आणि शेत पिकतं ती काळी. पांढरी पाणी धरत नाही, म्हणून तिच्यावर घरं उभी राहतात. काळी पाणी पिऊन बसते, म्हणून तिच्यात कपाशीची पऱ्हाटी उभी राहते. काळीनं घरात येऊ नये, पांढरीनं शेतात जायला हरकत नाही, असं जुनी माणसं म्हणत. माजघराच्या कडेला सगळीकडे भुरकी, कोरडी पांढरी होती. आणि मधोमध, दीड हात नाही, चांगली तीन हात रुंद, परकारानं काढावी तशी गोल, काळी. चिंब. कुदळीला लोण्यासारखी चिकटली.

मैनाबाईनं घमेलं खाली ठेवलं. "माय वं! पेव होतं इथं! अन् काळीनं भरलं? कोन बह्याड होता वं हा? घरात काळी भरते का कोनी? ज्यानं हे केलं ना, त्याच्या हाताले..."

"मैनाबाई," सत्तार म्हणाला, "घमेलं उचल."

त्याच्या कपाळावर घाम आला होता आणि तो उन्हाचा नव्हता.

सगळं आठवलं. पेव म्हणजे जमिनीतलं ज्वारीचं कोठार, आत माणूस उभा राहील एवढं. नवी हायब्रीड ज्वारी पेवात टिकेना, सडायला लागली, म्हणून नत्थुजी पाटलांनी ते बुजवून वर फरशी घालायचं काढलं. सत्तारचा बाप आजारी, म्हणून काम पोराकडे आलं. भरावाला मुरूम खदानीतून बैलगाड्यांनी यायचा होता. त्या वर्षी पोळा आणि ईद एकाच आठवड्यात आले. सत्तारचे रोजे चालू, घशाला कोरड. चार गाड्या मुरूम आला आणि बैल पोळ्यासाठी सुटले. पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू ठेवणार कोण? खांदे शेकायचे, शिंगं रंगवायची, आणि पोळा होऊन चार दिवस बैल मोकळेच. इकडे ईदेच्या सहाव्या दिवशी सत्तारचा निकाह. अंगणात गोठ्याच्या ओट्यासाठी शेतातून आणून टाकलेली काळी माती पडलेली होती. खालचा मुरूम संपला तिथून वरचं सगळं पेव त्यानं त्या काळीनं भरलं, धुम्मसानं ठोकलं, वर रेती आणि फरशी. नत्थुजी पाटील येऊन म्हणाले, "भरलं का रे पोरा?" तो म्हणाला, "भरलं, मालक." कशानं, ते त्यांनी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. आठवडाभरानं तो नवरदेव झाला, आणि पेव डोक्यातून गेलं ते गेलंच.

मग त्या खारट काळीनं दर पावसाळ्यात पोट भरून पाणी प्यायलं आणि वर्षभर थोडं थोडं वर पाठवलं. पुढच्या साली सून आली. पाण्याचा हंडा तिच्या डोक्यावर होता, म्हणून आळही तिच्याच डोक्यावर.

सत्तारनं खोदायला सुरुवात केली. वर एक हात खोदून प्लास्टिक टाकलं असतं तरी निभलं असतं. पण त्या माणसानं पुरुषभर खोल काळी काढायची ठरवली. खुशालरावांनी दोन गडी दिले. दुपारी ते स्वतः काठावर येऊन बघू लागले आणि हरखले.

"हे तं आमच्या आज्याचं पेव! लहानपनी मी याच्यात उतरलो हाये." मग त्यांना सुचलं. मोठ्यानं हसून ते आत बघून म्हणाले, "अवं ऐकतं का? तुह्या पान्यानं फरशीच नाई, पेव भरलं राजेहो, पेव!"

संध्याकाळपर्यंत ही थट्टा अर्ध्या खारखेडात गेली. पाराजवळून जाणाऱ्या बायाही म्हणू लागल्या, "काय वं रुख्मिणी, पेव भरून ठेवलं म्हनते!" सत्तार एसटीची वाट बघत उभा होता, त्यानं ते ऐकलं. रुख्मिणीवहिनी दळणाचा डबा घेऊन येत होत्या. त्या हसल्या. सत्तारला त्यांच्याकडे बघवलं नाही.

घरी कुलसुमबीनं ताट वाढलं. त्यानं भाकरीचे तुकडे केले आणि तसेच ठेवले. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात त्याच्या न बोलण्याचे सगळे प्रकार तिला पाठ होते. हा नवा होता. तिनं विचारलं, त्यानं सांगितलं.

कुलसुमबी अगोदर हसली. "मतलब मेरे वास्ते? निकाह की जल्दी में?"

"हसू नको."

"फिर क्या रोऊं?" मग ती त्याच्यासमोर बसली. "अब क्या करते?"

"पूरा निकाल रहा हूं. मुरूम भरूंगा, प्लास्टिक डालूंगा, कोबा करूंगा. ऐसा सुखाऊंगा के सात पुश्त तक पानी नहीं आएंगा. किसी को बोलने की जरूरत क्या है? काम तो ठीक हो जाएंगा ना."

कुलसुमबीनं पाण्याचा पेला त्याच्यापुढे सरकवला. "फर्श तो सूख जाएंगा," ती म्हणाली. "उस बाई का क्या?"

सत्तारनं ताट बाजूला सारलं. त्याची भीती साधी होती. त्या मंदीच्या दिवसांत त्याच्यापाशी एकच गोष्ट शिल्लक होती, नाव. सत्तार उशीर करतो पण ओल ठेवत नाही, एवढ्या एका वाक्यावर त्याची चूल पेटत होती. खारखेडचेच उत्तमराव, ज्यांचं अकोटात कापडाचं दुकान होतं, दुकानाच्या अख्ख्या जमिनीचं काम त्याला द्यायचं म्हणत होते आणि रोज येऊन काम बघून जात होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुशालराव शेतात गेले होते. मैनाबाई अंगणात मुरूम चाळत होती. रुख्मिणीवहिनी चहा घेऊन आल्या, एका हातात कप, दुसरा तळवा खाली. सत्तार खड्ड्यात छातीपर्यंत उभा होता. तिथूनच त्यानं सांगितलं. पोळा, मुरूम, काळी, सगळं. मान वर न करता.

"थे ओल तुमची नव्हती, वैनी. माही होती. पोरीचा खोकला बी माह्याच माथ्यावर हाये."

 त्यानं डोकं वर केलं. बाई काठावर बसल्या होत्या, कप जमिनीवर. कुदळीला चिकटलेल्या काळ्या मातीकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "मी पानी सांडत नाई, हे मले ठाऊक होतं, सत्तारभाऊ. पयले ठाऊक होतं." त्या थांबल्या. "मंग समद्यायनं म्हटलं, म्हटलं... मंग नाई राह्यलं ठाऊक."

सत्तारला वाटलं, या बाईनं आपल्याला चार शिव्या घातल्या असत्या तर किती बरं झालं असतं.  हातातली कुदळ कुठं ठेवावी ते त्याला कळेना.

"माफ करा," तो म्हणाला.

"मले सांगून काय होते?" त्या उठल्या. आवाज एकदम कडक झाला होता. "थे चावडीवर हसतेत थ्यायले सांगा. ह्यायले सांगा. अन् ज्यायनं नाव पाडलं, थ्या तं गेल्या. थ्यायले कोन सांगन?"

चहा तसाच निवला. त्या दिवशी रुख्मिणीवहिनी पुन्हा बाहेर आल्या नाहीत. पाणी मैनाबाईलाच विहिरीवरून आणावं लागलं, आणि खारं पाणी पिऊन तिचं तोंड कडू झालं, तरी ती सत्तारला काही बोलली नाही. तिनं सगळं ऐकलं होतं. काल ज्या हाताला शिव्या घातल्या तो हात कोणाचा हे कळल्यावर ती इतकी गप्प झाली की सत्तारलाच तिची काळजी वाटली.

संध्याकाळी ओट्यावर खुशालराव होते, उत्तमराव होते, आणखी दोघेतिघे होते. खुशालरावांनी पेवाची थट्टा नुकती कुठं रंगात आणली होती. सत्तार हातपाय धुऊन समोर उभा राहिला.

"खुशालराव, थांबा. पेव पान्यानं नाई भरलं. म्या भरलं. काळीनं."

आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. या वेळी मान वर करून.

 खुशालरावांचं तोंड थट्टेच्या अर्ध्यावर उघडं राहिलं होतं, ते हळूहळू मिटलं. रागावतील असं सत्तारला वाटलं, पण त्यांनी दाराकडे पाहिलं. दाराच्या आत रुख्मिणीवहिनी उभ्या होत्या. खुशालरावांनी टोपी काढली, आतून पुसली, पुन्हा घातली. 

उत्तमराव तेवढे म्हणाले, "म्हंजे मिस्त्री, परात परात करता, अन् पयली फरशी अशी?"

"तवा परात नव्हती ना, उत्तमराव," सत्तार म्हणाला. "घाई होती."

उत्तमरावांनी दुकानाचं काम अकोल्याच्या माणसाला दिलं. त्याला काय करणार? त्यांच्या जागी असता तर सत्तारनंही कदाचित तेच केलं असतं.

पण माजघराचं काम सत्तारनं असं केलं की मैनाबाई अजून सांगते. वीतभर मुरूम, वर पाणी, वर धुम्मस. पुन्हा वीतभर मुरूम. पेव काठोकाठ भरलं तेव्हा त्यावर बैल नाचवला असता तरी दबलं नसतं. मग गिट्टी, मग जाड प्लास्टिक, भिंतींवर हातभर चढवून, वर कोबा. आठ दिवस कोब्याला पाणी पाजलं, आणि मग दारंखिडक्या उघडून वऱ्हाडच्या चैत्राला आत सोडलं. तो चैत्र कोणाला सोडतो? तरी पहिल्या परातीत थेंब आले. दुसऱ्या वेळीही आले, थोडे. एरवी घायकुतीला येणारे खुशालराव या खेपेला एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्याच्या घाईनं आपल्या घरात काय केलं ते त्यांना कळलं होतं.

कणीक मात्र तिसऱ्या वेळी रुख्मिणीवहिनींनी स्वतः लावली. तोवर त्यांचं सत्तारशी कामापुरतंच बोलणं होतं. गुडघ्यावर बसून, बोटानं दाबत, परातीच्या कडेनं पूर्ण फेरा घेतला. "हवा जात नाई ना?" त्यांनी विचारलं. सत्तार म्हणाला, "नाई जात, वैनी." सकाळी त्यांनीच परात उचलली आणि खिडकीशी नेऊन आतून बोट फिरवलं. बोट कोरडं. दुसरं फिरवलं. मग त्यांनी परात छातीशी धरली, आणि जाता जाता म्हणाल्या, "अखजीले कुलसुमबीले बी घेऊन येजा. मैनाबाईले बी."

अखजीच्या आदल्या दिवशी सांध्यांत पांढरं सिमेंट भरून झालं. पौर्णिमा आली होती. पोट सांभाळत ती अनवाणी माजघरात आली आणि म्हणाली, "आई, जमीन गरम हाये वं." असं त्या खोलीत याआधी कोणी म्हटलं नव्हतं.

अखजीला वऱ्हाडात गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्यानं भरलेली घागर पुजतात. खुशालरावांच्या घरी दोन घागरी असत, एक नत्थुजींची, एक सासूबाईंची. दरवर्षी त्या मागच्या पडवीत मांडायच्या. या वर्षी रुख्मिणीवहिनींनी त्या माजघराच्या मधोमध आणून ठेवल्या, बरोबर पेव होतं तिथं. वर आंबा, पुरणपोळी. खुशालरावांनी हळदकुंकू वाहिलं, हात जोडले. सत्तार, कुलसुमबी आणि मैनाबाई दाराशी उभे होते.

"सत्तारभाऊ," वहिनी म्हणाल्या, "इकडं या." त्यांनी डावीकडच्या घागरीकडे हात केला. "ह्या सासूबाई हायेत. सांगा यायले."

सत्तारनं कुलसुमबीकडे पाहिलं. ती जागची हलली नाही, नुसती हनुवटीनं म्हणाली, जा. तो घागरीपुढे उकिडवा बसला, जसा जन्मभर जमिनीपुढे बसत आला होता. टोपी नीट केली. घसा दोनदा खाकरला.

"बाई," तो घागरीला म्हणाला, "मी सत्तार. तुमच्या घरची फरशी म्या बसवली होती. पेवात काळी म्या भरली. तुमच्या सुनेनं पानी नाई सांडलं. एक थेंब नाई सांडला."

घागरीवरचा आंबा काही हलला नाही. पण पौर्णिमा रडू लागली, आणि मैनाबाई तोंडात पदर कोंबून दुसरीकडे बघू लागली.

रुख्मिणीवहिनींचे डोळे कोरडे होते. त्या आत गेल्या आणि पाहुण्यांसाठी पाण्यानं भरलेला तांब्या घेऊन आल्या. उजव्या हातात तांब्या. डावा हात मोकळा, चालताना आपला हलत होता. खोलीच्या मधोमध त्या थांबल्या. तांब्या तिरपा केला आणि सगळं पाणी, शेवटच्या थेंबापर्यंत, नव्या टाइलवर ओतलं.

"अवं!" खुशालराव म्हणाले, आणि तिथंच थांबले.

पाणी चकाकत पसरलं, कुठंही मुरलं नाही. वहिनींनी खांद्यावरचं फडकं काढलं आणि नवऱ्याच्या हातात दिलं.

"पुसा," त्या म्हणाल्या.

खुशालरावांनी धोतर वर खोचलं, नव्या टाइलवर गुडघे टेकले आणि पुसायला लागले. भिंतीच्या कोपऱ्यात थोडं राहिलं होतं, तेही वहिनींनी बोट दाखवून त्यांच्याकडून पुसून घेतलं.